अक्कांच्या पगाराची वर्गणी

वह्या द्यायला माणसं मिळतात. दप्तरं, कंपासपेट्या, पावसाळ्यात छत्र्या, पंधरा ऑगस्टला खाऊ, यांसाठी आमच्या संस्थेला कधी फार हिंडावं लागलं नाही. कुणी मुलाच्या वाढदिवसाला वह्यांचे गठ्ठे आणून देतं, मुलांसोबत फोटो काढतं, समाधानानं जातं. पण त्या वह्यांवर रोज संध्याकाळी मुलांकडून गणितं सोडवून घेणारी जी मुलगी आहे, तिच्या पगाराला पैसे द्या म्हटलं की समोरचा माणूस थबकतो. "पगार? मग ही समाजसेवा कशी?" हा प्रश्न मी पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्याच गावच्या मुलांकडून ऐकलाय, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांकडून ऐकलाय, आणि एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर (म्हणजे कंपनीनं करायचा सामाजिक खर्च) विभागाकडूनही ऐकलाय, जरा सभ्य शब्दांत. या एका प्रश्नाचं उत्तर तयार करता करता आमची संस्था बदलत गेली. ते कसं झालं हे सविस्तर लिहितेय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात वाचनालयं, अभ्यासिका, महिला मंडळं चालवणारे कितीतरी जण याच जागी अडकलेले मला दिसतात.

आमचं काम खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा. डोंगर, जंगल आणि पाऊस असा की जून ते सप्टेंबर मुलांचं शाळेत जाणं हेच एक काम होऊन बसतं. कर्ते पुरुष बहुतेक गोव्याला, नाहीतर बेळगावच्या फाउंड्रीत किंवा पुण्याला. गावात सरकारी मराठी शाळा आहे, पण दहावीला परीक्षा कर्नाटक बोर्डाची, आणि तिच्यात कन्नडचा पेपर असतोच. घरात कन्नड बोलणारं कुणी नाही, गणिताला विचारायला कुणी नाही. म्हणून एका निवृत्त गुरुजींनी आपल्या ओसरीवर संध्याकाळी मुलं बसवायला सुरुवात केली. पुढे तीन गावांत तीन अभ्यासिका झाल्या आणि गावातल्याच बारावी, पदवी झालेल्या तीन मुली त्या सांभाळू लागल्या. मुलं त्यांना अक्का म्हणतात. गुरुजी त्यांना आपल्या पेन्शनमधून जमेल तसं मानधन देत. कधी दिवाळीला एकदम, कधी दोन महिन्यांनी.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये हिशेब बघते. गुरुजींनी एकदा घरी येऊन सांगितलं, "बाळ, मी सत्तरी ओलांडली. तू कार्यवाह हो." मी हो म्हणण्याआधी त्यांची वही मागून घेतली. गुरुजींनी एका रुपयाचाही हिशेब चुकवला नव्हता. पण तो सगळा त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच वहीत आणि बराचसा त्यांच्या डोक्यात होता. सोसायटी म्हणून नोंदणी होती, सात सह्यांची कमिटी होती. त्या सातांपैकी दोघे वारलेले, एक मुलाकडे मुंबईला. वहीत 'अक्का: मानधन' या रकान्यात जे आकडे होते ते बघून मला फार वाईट वाटलं. संस्थेचं सगळं काम ज्या तिघींवर उभं होतं, त्यांच्या वाट्याला शेवटी उरलं तर काही, अशी व्यवस्था होती. मी दोन अटी घातल्या. बँकेच्या खात्यावर दोन सह्या, कार्यवाह आणि खजिनदार एका घरातले नकोत. आणि दर महिन्याच्या सात तारखेला अक्कांच्या खात्यात पगार. बाकी सगळा खर्च त्यानंतर. दुसरी अट ऐकून गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे मला आधीच करायला पाहिजे होतं, पण पैसा कुठून आणायचा?"

पैसा मागायला जाण्याआधी घर लावून घ्यायला हवं होतं, आणि त्यात चांगलं वर्ष गेलं. कर्नाटकात संस्था १९६० च्या कर्नाटक सोसायटी नोंदणी कायद्याखाली असते. दरवर्षी सर्वसाधारण सभा झाली की चौदा दिवसांत कमिटीची यादी आणि तपासलेला हिशेब जिल्हा निबंधकांकडे द्यावा लागतो. आमची कित्येक वर्षं राहिलेली होती. ती एकेक करून, दंड भरून पूर्ण केली. इथे एक गोष्ट सीमाभागातल्या संस्थांना मुद्दाम सांगते. आमची कार्यवृत्तं मराठीत, आयकराचं सगळं इंग्रजीत आणि जिल्हा कार्यालयातला व्यवहार कन्नडमध्ये. यावर रागावून बसण्यात काम बुडतं. आम्ही एका निवृत्त कन्नड शिक्षकांनाच कमिटीत घेतलं. त्यांनी घटनेची नीट कन्नड प्रत करून दिली, प्रत्येक अर्जाचा मसुदा लिहिला, आणि शिवाय शनिवारी येऊन मुलांचा कन्नडचा तास घेऊ लागले. संस्थेला एवढा उपयोगी सभासद दुसरा मिळालेला नाही.

दुसरी गोष्ट ठेवीची. आमच्याकडे प्रत्येक गावात सोसायटी किंवा पतसंस्था असते, व्याज बरं मिळतं, चेअरमन ओळखीचे असतात. संस्थेची थोडी शिल्लक तिथेच होती. सीएंनी आयकर कायद्याचं कलम ११(५) दाखवलं. धर्मादाय संस्थेनं पैसा कुठे ठेवायचा याची त्यात यादी आहे. बँका बसतात, सहकारी बँकाही बसतात, पण बँकिंगचा परवाना नसलेली पतसंस्था बसत नाही. करसवलत हवी तर ठेव हलवावी लागणार होती. चेअरमनना वाईट वाटू नये म्हणून मी आणि गुरुजी स्वतः जाऊन त्यांना कायदा वाचून दाखवला. ते समजून घेणारे निघाले; पुढे त्यांनीच महिन्याची वर्गणी सुरू केली.

मग आयकराच्या दोन नोंदण्या: १२ए, म्हणजे संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत, आणि ८०जी, म्हणजे देणगीदाराला वजावट. १ एप्रिल २०२१ पासून ही पद्धत बदलली. तेव्हा नव्या अर्जदाराला फॉर्म १०ए भरून आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळत असे, मग फॉर्म १०एबी भरून पक्की. आम्ही या नव्या पद्धतीतच पहिल्यांदा गेलो. पक्क्या नोंदणीच्या वेळी पोर्टलवर प्रश्न आले: कामाचं वर्णन द्या, तीन वर्षांचे हिशेब द्या, बँकेचे उतारे द्या, संस्था बंद झाली तर मालमत्ता कुणाकडे जाईल ते घटनेत कुठे लिहिलंय ते दाखवा. घर आधी लावलं होतं म्हणून उत्तरं देता आली. पाच कोटींपेक्षा कमी उत्पन्नाच्या संस्थांना २०२५ पासून १२एची नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांची मिळण्याची सोय झाली, हे छोट्या संस्थांच्या दृष्टीनं फार चांगलं झालं. (१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदलले. मी इथे जुनेच क्रमांक लिहितेय, कारण आमची कागदपत्रं त्याच क्रमांकांची आहेत.)

पण ८०जी मिळालं म्हणजे देणग्या येऊ लागतील, असं जे सर्रास सांगितलं जातं, त्यात फार तथ्य नाही. गावातला वर्गणीदार आयकर भरतच नाही. नोकरदारांपैकी बरेच जण आता नव्या कररचनेत आहेत. २०२३-२४ पासून तीच आपोआप लागू होते आणि तिच्यात ८०जीची वजावट मिळत नाही. जुन्या रचनेतल्यांनाही साधारण निम्म्या रकमेची वजावट, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. ८०जीचा खरा उपयोग दोन ठिकाणी झाला. कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठी संस्थेनं भरायचा नोंदणीचा फॉर्म, सीएसआर-१, त्याला ते लागतं. आणि कागदाची शिस्त लागते. ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडीमध्ये देणगीदारांची यादी द्यायची, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. तिथून १०बीईचं प्रमाणपत्र निघतं, ते देणगीदाराच्या हातात द्यायचं. हे वेळेवर मिळालं की माणसाच्या मनात संस्थेबद्दल जी खात्री बसते, ती वजावटीच्या रकमेपेक्षा मोलाची असते.

आता मूळ गोष्ट. पगाराचे पैसे.

एका प्रशिक्षणात आम्हाला सांगितलं गेलं होतं की पगार असा शब्दच वापरू नका. 'एका मुलाचा वर्षाचा खर्च' असा आकडा काढा आणि पगार त्याच्या पोटात घाला. मला ते पटलं नाही. मुलाच्या नावानं मागायचं आणि अक्कांना लपवायचं, म्हणजे त्यांच्या कामाला कमी लेखणाऱ्या प्रश्नापुढे आपणच मान तुकवायची. कमिटीत यावर जोरदार वाद झाला. शेवटी ठरलं की अंदाजपत्रकात पहिली ओळ अक्कांच्या पगाराची, सगळ्यात मोठा आकडा तोच, आणि मागायचं तर त्याच नावानं मागायचं. वह्या घेऊन येणाऱ्यालाही नम्रपणे सांगायचं की वह्या पुरेशा आहेत, याच रकमेत अक्कांच्या आठवड्याच्या पगाराचा वाटा उचलता का.

पहिली सभा गावात, देवळाच्या सभामंडपात, देवस्थान पंच कमिटीला विचारून. मी खर्चाचा कागद मोठ्या अक्षरात लिहून नेला होता. पाच-सहा ओळी वाचून झाल्या आणि मागून एक आजी म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. पैसं खुटं जाऊलेत ते सांग." मी पासबुकच काढलं आणि मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी नावं घेऊन वाचल्या. सभेचा नूर तिथे पालटला. एक काकी उठून म्हणाल्या, "संघाचा हप्ता आमी आठवड्याला भरताव, चुकवत न्हाई. पोरांच्या शिकण्याचा का चुकवू?" स्त्रीशक्ती संघ आणि बचत गटांमुळे आमच्याकडच्या बायकांच्या हाडात हप्त्याची शिस्त मुरलेली आहे, हे मला माहीत होतं, पण ती संस्थेच्या कामी येईल हे सुचलं त्या काकींना. तेव्हापासून घरटी वर्गणी संघाच्या बैठकीतच गोळा होते. कार्ड असतं, भरलं की सही. पन्नास रुपये, शंभर रुपये, ज्याला नाही जमत त्याला नाही. सुगीत काही घरं पैशाऐवजी भात देतात. ते वजन करून नोंदवतो, विकतो, रक्कम खात्यात भरतो आणि सगळ्यांना कळवतो. पावतीवर नाव आणि पत्ता मात्र प्रत्येकाचा घालतो, अगदी दहा रुपये असले तरी. नाव-पत्त्याची नोंद नसलेल्या देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या तर त्यांवर ३० टक्के कर आहे. आपण त्या मर्यादेच्या जवळपासही नसलो तरी सवय चांगली.

गावातून पगाराचा लहानसा हिस्साच निघतो. पण तो निघाल्यावर बाहेर मागताना माझा आवाज बदलला. गोव्यात, पुण्यात असलेल्या गावच्या मुलांना मी सांगू शकले की तुमची आई महिन्याला पन्नास रुपये देतेय. त्यातले बरेच जण आता फोनवरून दरमहा आपोआप रक्कम जाईल अशी सोय करून देतात. त्यांच्या गटावर महिन्यातून एकच संदेश जातो: किती जमा, किती खर्च, तिन्ही अक्कांचे पगार कोणत्या तारखेला झाले, आणि अभ्यासिकेत काय घडलं याच्या चार ओळी. रोज फोटो टाकत नाही. मुलांचे चेहरे तर नाहीच. गरिबी दाखवून मागायचं नाही हे कमिटीनं लिहून ठेवलंय.

सर्वसाधारण सभा आम्ही गणपतीत घेतो. आमच्याकडे गणपतीला सगळा मुलूख घरी येतो, दुसऱ्या कुठल्याही सणाला एवढी माणसं गावात नसतात. हिशेब ३१ मार्चचे, तपासणीची मुदत ३० सप्टेंबर, त्यामुळे तोवर कागद तयार करता येतात. वर्गणी देणारा पुण्याचा मुलगा आणि त्याची आई शेजारी बसून ताळेबंद ऐकतात, प्रश्न विचारतात. एका वर्षी झेरॉक्सचा खर्च एवढा का यावर तासभर चर्चा झाली. कंटाळवाणी होती, तरी मला ती फार आवडली. ज्याला झेरॉक्सची काळजी आहे, तो संस्था आपली मानतो.

उद्यमबागेत मागायला जाताना आधी एक समज दूर करावी लागते. सीएसआरचा कायदा, म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५, ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा यांपैकी काही असलेल्या कंपनीलाच लागू होतो. आमच्या भागातल्या बहुतेक मशीन शॉप, फाउंड्री त्यात येत नाहीत. त्यांच्याकडे 'सीएसआर द्या' म्हणून जाण्यात अर्थ नाही; त्या मालकाकडे माणूस म्हणून जायचं. एका मालकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न केला, "मस्टर ठेवता?" अक्कांची हजेरी, मुलांची हजेरी, सुट्ट्या, सगळं त्यांनी पानं उलटून बघितलं. मग म्हणाले, "माझ्याकडे तुमच्याच गावची चार पोरं कामाला आहेत. ड्रॉइंग वाचता येत नाही म्हणून मागे राहतात. गणित शिकवणारीचा पगार मी देतो." एका अक्कांचा अर्धा पगार त्यांच्याकडून अजून येतो. त्यांनी बोर्ड मागितला नाही, सत्कार मागितला नाही. महिन्याचं मस्टर मात्र मागतात, आणि मी पाठवते.

मोठ्या कंपनीचा अनुभव वेगळा. तिथे सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक, सरकारच्या स्वयंसेवी संस्थांच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षं तशाच कामाचा अनुभव, तपासलेले हिशेब हे सगळं लागलं, आणि ते मागणं रास्तच होतं. पण त्यांना द्यायचे होते स्मार्ट बोर्ड. आमच्या एका अभ्यासिकेत पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. मी अक्कांचा पगार मांडला, तर उत्तर आलं की प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पगार बसणार नाही. हे उत्तर अनेक संस्थांना मिळतं आणि त्या मुकाट परत येतात, म्हणून नियम नीट सांगते. सीएसआर नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतूनच वगळलेला आहे. अभ्यासिका हा प्रकल्प, आणि ती चालवणाऱ्या अक्का म्हणजे त्याची अंमलबजावणी. मी नियमाची प्रत जोडून पुन्हा पत्र लिहिलं. फोनवरच्या अधिकारी बाईंनी ते आपल्या वरिष्ठांपुढे ठेवलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: एका वर्षासाठी, तिसऱ्या अभ्यासिकेचा पगार आणि अक्कांचं प्रशिक्षण मंजूर.

मंजुरी आली त्या आठवड्यात कमिटीत आनंद होता, पण कन्नड सरांनी विचारलं, "पुढच्या वर्षी?" त्यातून आमचा सगळ्यात महत्त्वाचा नियम झाला. कुठल्याही एका देणगीदाराचा वाटा वर्षाच्या खर्चाच्या एक तृतीयांशाहून जास्त होऊ द्यायचा नाही. कंपनीचा पैसा नवं केंद्र उभं करायला आणि शिकवणाऱ्यांना शिकवायला. ते वर्ष सरायच्या आत त्या गावाची घरटी वर्गणी आणि बाहेरच्या मुलांची वर्गणी तयार झाली पाहिजे. तसं झालंही. कंपनीचं वर्ष संपलं तेव्हा तिसऱ्या अक्कांचा पगार एक दिवसही उशिरा झाला नाही.

निवडणुकीच्या दिवसांत मदत घेऊन येणारेही असतात. सीमाभागात तर सगळ्याच बाजूंचे येतात. आमचा नियम लेखी आहे: अभ्यासिकेच्या भिंतीवर कुणाचा फलक नाही, मुलांच्या हातात कुणाचं चित्र असलेली वस्तू नाही. मदत करायची तर खात्यात, पावती घेऊन, इतरांसारखी. अशा अटीवर देणारे थोडेच उरतात. मराठी मुलांना मराठीतून शिकायची आस आणि कन्नडमध्ये पास व्हायची गरज, दोन्ही एकाच बाकावर बसलेल्या असतात. तिथे तिसरं काही आणून बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

परदेशातल्या पैशाबद्दल थोडक्यात. गावची एक मुलगी आखातात नर्स आहे, भारतीय पासपोर्टवर. तिनं आपल्या पगारातून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही, ती आम्ही घेतो. दुसऱ्या एका कुटुंबातल्या मुलानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय. त्याची देणगी घ्यायला एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. तिला तीन वर्षांचं काम, त्या काळात पंधरा लाखांचा खर्च आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं. एवढा पसारा आमच्या आकाराच्या संस्थेला झेपणारा नाही. त्याला मी फोन करून कारण सांगितलं. आता त्याचे वडील आपल्या नावानं, आपल्या पैशातून वर्गणी देतात.

कोरोनाच्या वर्षी हे सगळं कसाला लागलं. मार्च २०२० मध्ये अभ्यासिका बंद झाल्या. गोव्यातली मुलं चालत, मिळेल त्या गाडीनं घरी आली. त्यांच्या वर्गण्या थांबल्या आणि थांबणारच होत्या. कमिटीत प्रश्न आला की काम बंद तर पगार कसला. गुरुजी तेव्हा कमिटीत नव्हते, निमंत्रित म्हणून बसले होते. ते म्हणाले, "शाळा बंद होती तेव्हा मला सरकारनं पगार दिला. या पोरींना द्यायला आपण सरकारपेक्षा लहान आहोत का?" सभासदांनी आपापल्या खिशातून भर घातली. अक्का घरोघरी जाऊन अंगणात चार-पाच मुलं बसवून शिकवू लागल्या, ते त्यांचं त्यांनीच ठरवलं. त्यानंतर आम्ही सहा महिन्यांच्या पगाराएवढी राखीव ठेव बांधायला घेतली. दरवर्षी थोडी थोडी करून ती आता पूर्ण आहे, बँकेत, मुदत ठेवीत, आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय मोडता येत नाही.

गुरुजींचं बाजूला होणं ही सगळ्यात नाजूक गोष्ट होती. लोक त्यांच्या तोंडाकडे बघून देत. ते गेले तर देणगी गेली, ही भीती खरी होती. आम्ही घाई केली नाही. वर्षभर प्रत्येक पत्रावर त्यांची आणि माझी अशा दोन सह्या. प्रत्येक जुन्या देणगीदाराकडे दोघांनी मिळून जायचं; बोलायचं मी, शेजारी बसायचं त्यांनी. पुढच्या वर्षी पत्रावर माझी सही आणि खाली त्यांचा एका ओळीचा आशीर्वाद. अवघड भाग त्यांच्यासाठी वेगळाच होता. एखाद्या पालकानं त्यांना रस्त्यात गाठून काही मागितलं की ते तिथेच हो म्हणत, कारण चाळीस वर्षं तसंच चाललं होतं. कमिटीनं त्यांना विनंती केली की 'हो'च्या जागी 'रविवारच्या बैठकीत या' एवढं म्हणा. त्यांनी ते पाळलं, आणि एवढा मोठा माणूस आपल्याच उभारलेल्या संस्थेचा नियम पाळतोय हे बघून बाकीचेही पाळू लागले.

पहिल्या रविवारी बैठक. विषय आधी लिहून, मागच्या बैठकीत ठरलेलं काय झालं ते आधी वाचून. तीन वर्षांची मुदत, सलग दोनच मुदती. कमिटीतल्या कुणाच्या नात्यातली मुलगी अक्का म्हणून अर्ज करत असेल तर त्या माणसानं मुलाखतीला बसायचं नाही. अक्कांची प्रतिनिधी बैठकीला बसते. ती बसू लागल्यावर कळलं की पगाराइतकाच तिला रात्री घरी परतायच्या वाटेचा प्रश्न आहे. मग वेळ अर्धा तास अलीकडे आणली आणि पावसाळ्यात पालकांनी आळीपाळीनं सोबत द्यायचं ठरवलं. वर्षाला बारा किरकोळ रजा, दोघींची जोडी लावून बदली. प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे वर्षाचे २० रुपये आणि जीवनज्योतीचे ४३६ रुपये संस्था भरते. पगार अजूनही कमीच आहे, हे मी प्रत्येक सभेत सांगते. पण तारीख पक्की आहे, आणि पहिल्या तिघींपैकी दोघी अजून आमच्याकडेच आहेत. तिसरी बी.एड. करून शिक्षिका झाली, तिची दरमहा वर्गणी येते.

येत्या गणपतीत माझी दुसरी मुदत संपते. खजिनदार असलेल्या वहिनी कार्यवाह होतील असं दिसतंय. त्या बचत गटातून आलेल्या, आकडेमोडीला माझ्यापेक्षा पक्क्या. त्यांच्यासाठी तारखांचा कागद कपाटाच्या दारावर लावलाय: ३१ मे, ३० सप्टेंबर, ३१ ऑक्टोबरचं आयकर विवरणपत्र, सभेनंतरचे चौदा दिवस. उद्यमबागेतल्या देणगीदारांकडे आम्ही दोघी मिळून जायला सुरुवात केली आहे. कणकुंबीच्या बाजूच्या आणखी एका गावानं अभ्यासिका मागितली आहे. तिथल्या पंचांना सांगितलंय की सुगी आटोपली की सभा घेऊ, आधी अक्कांच्या पगाराची घरटी वर्गणी ठरवू, मग जागा बघू.